बसफुगडी, नेवऱ्या आणि माटोळी: आपले सांधे नेमके चालतात कसे?

अबोली_फोंडा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की आमच्या वाड्यावर रात्री फुगडीची तालीम सुरू होते. तरण्या पोरी कमी, आम्ही चाळिशी-पन्नाशीच्याच जास्त. उभ्या फुगडीला कुणाची तक्रार नसते. बसफुगडी आली, उकिडवं बसून पाय पुढे-मागे टाकायला लागलो की गाण्यापेक्षा गुडघेच जास्त ऐकू येतात. शेजारच्या मामी म्हणतात, "वंगण संपलं गे, आता बसू नका." एकीला तर कुणीतरी जमिनीवर बसणंच बंद करायला सांगितलं, तिने पाट माळ्यावर टाकून दिला.

आवाज येतो म्हणजे झीज झाली का? वंगण खरंच संपतं का, आणि मुळात ते येतं कुठून? शाळेत बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा घोकलं होतं, परीक्षेबरोबर ते गेलं. जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं. औषधं नकोत, आत काय चालतं ते हवंय.

शिवाय नेवऱ्या (करंज्या) करताना माझा अंगठा दुखतो आणि माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळांचं छत, बांधताना आमच्या ह्यांचा खांदा. हे दरवर्षीचंच.

रापणकार

बाहेरून खोबरेल, आतून फेणी. दोन्ही वंगणंच.

अबोली_फोंडा

तू एकदा तालमीला ये. बसफुगडी घालून दाखव आणि मग बोल.

ऊठबस

फिजिओथेरपी करते, म्हणून हा आयडी. रोज लोकांना हेच करायला लावते.

अबोलीताई, आधी एक समज बाजूला ठेवा. सांध्यात हाड हाडावर घासत नाही. दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत, पांढुरका थर असतो, गुडघ्यात साधारण २ ते ४ मिलिमीटर जाडीचा. वाटीच्या मागच्या बाजूला तो याहून जाड असतो, शरीरातली सगळ्यात जाड कूर्चा तिथलीच. सांध्याभोवती एक पिशवी असते. तिच्या आतल्या अस्तरातून एक चिकट, तार धरणारा द्रव पाझरत असतो. हेच तुमच्या मामींचं वंगण. निरोगी गुडघ्यात ते ४ मिलिलीटरपर्यंत असतं, म्हणजे चहाचा चमचाही पुरता भरणार नाही. ते टाकीत भरून ठेवलेलं नसतं. अस्तर ते सतत तयार करतं आणि सतत परत शोषूनही घेतं, त्यामुळे "संपलं" असं सहसा होत नाही. उलट दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात पाणी झालं म्हणतो ना आपण, तिथे हाच द्रव प्रमाणाबाहेर वाढलेला असतो आणि पातळ झालेला असतो.

आता महत्त्वाचं. या कूर्चेत रक्तवाहिनी नाही. एकही नाही. मग ती जगते कशावर? याच द्रवावर. पायावर भार आला की कूर्चा दबते आणि तिच्यातलं पाणी बाहेर येतं. भार उतरला की पाणी परत आत शिरतं आणि जाताना पोषण घेऊन जातं. दाब, सूट, दाब, सूट. हालचाल थांबली की कूर्चेचा जेवणाचा डबा थांबतो. म्हणून पाय प्लास्टरमध्ये अडकवून ठेवला की काही आठवड्यांत कूर्चा पातळ आणि मऊ होऊ लागते. ज्या बाईने पाट माळ्यावर टाकला तिला हे जरूर वाचून दाखवा.

आवाजावर नंतर लिहिते, आता पेशंट आहे.

कोडं_सुटेना

आवाजाचं मी सांगतो, माझा आवडता विषय.

बोटं मोडतो तेव्हाचा कडकन् आवाज हाडांचा नाहीच. सांधा ओढला की आतली जागा एकदम वाढते, आतला दाब घटतो आणि द्रवात विरघळलेला वायू पोकळी करून बाहेर येतो. यावर १९४७ पासून भांडण आहे. तेव्हाच्या लंडनच्या दोघा संशोधकांच्या मते आवाज पोकळी तयार होताना येतो. १९७१ मध्ये लीड्सच्या मंडळींनी सांगितलं, नाही, बुडबुडा फुटताना येतो. २०१५ मध्ये कॅनडात बोट ओढत ओढत एमआरआय काढला, तर आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसली आणि आवाजानंतरही ती तिथेच होती. म्हणजे १९४७ वाले जिंकले म्हणावं, तर २०१८ मध्ये गणिती मांडणी आली की बुडबुडा अर्धवट कोसळला तरी तेवढा आवाज येऊ शकतो. तो वायू परत विरघळायला साधारण २० मिनिटं लागतात, म्हणून तेच बोट लगेच पुन्हा मोडत नाही.

डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरने ६० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. दोन्ही हातांना संधिवात नाही. २००९ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं बक्षीस, मिळालं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे खरं, पण चिकाटी बघा.

ऊठबस

कोडंसाहेब, मस्त. फक्त बसफुगडीत जे वाजतं ते सगळं बुडबुड्याचं नसतं. उठता-बसता वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेतून सरकते. तिथे करकर, चरचर लागते, हात ठेवला तर बोटांना जाणवतेसुद्धा. कधी एखादा स्नायुबंध हाडाच्या उंचवट्यावरून उडी मारतो, तो टक् असा वाजतो. दुखत नसेल, सूज नसेल तर या कुठल्याच आवाजाची मी दखल घेत नाही. आवाजाबरोबर गुडघा अडकला, सरळच होईना, किंवा चालता चालता पाय दगा देऊन खाली गेला, तर मात्र दाखवायचं.

म्हादईकाठची

कूर्चेत रक्तवाहिनी नाही म्हणालात. नस तरी आहे का? नसेल तर मग दुखतं काय?

ऊठबस

बरोबर हेरलंत. नसही नाही. कूर्चा स्वतः कधीच दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, पिशवी, अस्थिबंध आणि वाटीखालची चरबीची गादी. ही गादी तर भलतीच संवेदनशील. म्हणूनच एक्सरेत भरपूर झीज दिसते आणि बाई शेतात कापणी करत असते, तर दुसरीचा एक्सरे जवळजवळ स्वच्छ आणि तिला जिना उतरवत नाही. फोटोवरून दुखणं मोजता येत नाही.

सत्तरीकर

माझ्या आईला "गॅप कमी झाली" असं सांगितलंय. हाडांमध्ये रिकामी जागा असते का? आणि गॅप परत वाढवता येते म्हणून एक जण पावडर विकायला घरी आला होता.

ऊठबस

ती जागा रिकामी नसते, तिथे कूर्चा असते. कूर्चा एक्सरेत दिसत नाही म्हणून फोटोत फट वाटते. फट कमी म्हणजे कूर्चा पातळ. (गुडघ्याचा एक्सरे उभं राहून काढलेला हवा. आडवं झोपून काढला तर फट उगाच मोठी दिसते.)

पावडरीबद्दल. १७४३ मध्ये विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांगितलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांनी आपण फार पुढे गेलेलो नाही. २०१६ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी एक हुशारी केली. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता, तो लोकांच्या शरीरातही शिरला. त्याच्या खुणेवरून त्यांनी गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजेनचं, म्हणजे तिचं जाळं विणणाऱ्या प्रथिनाचं, वय काढलं. ते लहानपणी-तरुणपणी विणलं जातं आणि पुढे जवळजवळ बदललंच जात नाही असं निघालं. हाड मोडलं तर जुळतं, कातडी सोलली तर येते, हे जाळं मात्र जन्मभर तेच. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनवरची अमेरिकेतली मोठी चाचणी २००६ मध्ये आली, १,५८३ रुग्णांवर. एकूण रुग्णांत खोट्या गोळीपेक्षा ती सरस ठरली नाही. तेव्हा पावडरवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

डिचोलीचा_फिटर

मी यंत्राच्या बाजूने विचारतो. खाणी जोरात होत्या तेव्हा टिपर दुरुस्त करण्यात हयात गेली. बेअरिंगमध्ये तेलाचा पापुद्रा धरतो तो शाफ्ट जोरात फिरतो म्हणून. फिरणं थांबलं की पापुद्रा मोडतो, धातू धातूला टेकतो, आणि परत चालू करताना तिथेच झिजतं. माणूस तर दिवसभर थांबतो-चालतो. देवळात तासभर उभा राहतो आणि मग पाऊल उचलतो. या हिशेबाने आपले गुडघे पंचविशीतच बाद व्हायला हवेत. का होत नाहीत?

ऊठबस

हा प्रश्न आमच्या मास्तरांनी विचारला असता तर वर्ग गप्प बसला असता.

दादा, कूर्चेचं वजन केलं तर त्यात ६५ ते ८० टक्के पाणी असतं. कोलॅजेनचं घट्ट जाळं असतं आणि त्यात अडकलेले मोठाले रेणू असतात. त्या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो, ते पाणी खेचून धरतात आणि एकमेकांना ढकलतात. भार पडला की पाण्याला बाहेर पळायचं असतं, पण वाटा इतक्या अरुंद की पळता येत नाही. मग आतल्या पाण्याचा दाब चढतो आणि सुरुवातीला भाराचा ९० टक्क्यांहून जास्त वाटा हे पाणीच उचलतं. घन भागावर येतो तो उरलेला. पाणी पाण्यावर टेकलंय म्हटल्यावर घर्षण ते किती होणार? शिवाय पृष्ठभागावर ल्युब्रिसिन नावाच्या प्रथिनाचा पातळ लेप असतो, तो थांबलेल्या अवस्थेतही टिकतो. तुमच्या बेअरिंगला वेग लागतो, याला लागत नाही.

आकडा हवा असेल तर निरोगी सांध्याचा घर्षणांक ०.००१ ते ०.०२ च्या आसपास. कोरड्या पोलादावर पोलाद घासलं तर ०.५ च्या पुढे.

मात्र फार वेळ एकाच जागी भार ठेवला की पाणी हळूहळू निसटतं, घर्षण वाढतं. तासभर उभं राहिल्यावर पहिली दोन पावलं जड वाटतात त्यामागे इतरही कारणं असतात, पण मधून मधून पाय बदलत राहा, हे त्यावरून निघतंच.

डिचोलीचा_फिटर

पाण्यावर चालणारं, न थांबता सत्तर वर्षं, ग्रीसिंग नाही. डिझाइनवाल्याला भेटायला हवं एकदा.

माडावरून

ही सगळी पुस्तकी गोष्ट झाली. आमच्याकडे येणारा रेंदेर (माडाची सूर, म्हणजे ताडी, काढणारा) साठीच्या पुढचा आहे. माडाला पाडलेल्या खाचांवर पाय ठेवून सरसर वर जातो, गुडघा पार छातीला लागतो, सूर काढून तसाच उतरतो. दिवसाला किती माड चढत असेल देव जाणे. त्याचे गुडघे ठणठणीत. आणि माझा चुलतभाऊ पणजीत खुर्चीवर बसून असतो, त्याचे चाळिशीत गेले. म्हणजे जेवढं वापराल तेवढं टिकतं, झिजतं-बिजतं काही नाही.

सत्तरीकर

असं सरसकट म्हणू नका. ज्यांचे गुडघे गेले ते रेंदेर चढायचं सोडून घरी बसले, ते तुम्हाला माडावर दिसणार नाहीत. जो दिसतो तो टिकलेला.

ऊठबस

सत्तरीकर, शंभर टक्के. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. छंद म्हणून धावणारे, स्पर्धक धावपटू आणि न धावणारे यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये आला. नितंब किंवा गुडघ्याचा झिजेचा संधिवात छंदाने धावणाऱ्यांत ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत १०.२ आणि वरच्या पातळीवरच्या स्पर्धकांत १३.३. म्हणजे वापर कमी तरी वाईट, अति तरी वाईट. आणि ज्यांच्या धंद्यातच वर्षानुवर्षं वजन उचलून उकिडवं बसणं किंवा गुडघे टेकणं असतं, त्यांच्या गुडघ्यांना धोका जास्त, हेही बऱ्याच ठिकाणी दिसलंय. लादी बसवणारे घ्या. रेंदेराचं काम कष्टाचं, पण दोन माडांमध्ये तो चालतो, भार सतत एका कोनात अडकून राहत नाही.

चुलतभावाचं काय झालं ते न तपासता सांगता येणार नाही. वजन किती आहे?

माडावरून

विचारू नका.

ऊठबस

मग विचारतेच. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीनपट भार येतो, जिन्यावर त्याहून जास्त. कारण वजनाबरोबर स्नायूंची ओढही सांध्यावरच पडते. जाड आणि गुडघे दुखणाऱ्या वयस्कर लोकांचा २००५ मधला एक अभ्यास आहे: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरला. दिवसाची पावलं धरून गुणाकार त्याने स्वतः करावा.

अबोली_फोंडा

धागा भरकटू देऊ नका हो. उकिडवं बसल्यावर गुडघ्यात काय होतं ते सांगा. आणि गुडघा म्हणजे बिजागरी ना?

ऊठबस

कोपर बऱ्यापैकी बिजागरी आहे. गुडघ्याला बिजागरी म्हणणं म्हणजे पोरांची सोय. मांडीच्या हाडाची खालची टोकं गोल आणि पायाच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. गोल वस्तू सपाटीवर नुसती गडगडली तर मागच्या कडेवरून पडेल, म्हणून पाय वाकताना ती गडगडतेही आणि त्याच वेळी सरकतेही. आतमध्ये फुलीसारखे आडवे गेलेले दोन अस्थिबंध ती हद्दीत ठेवतात. पाय सरळ करताना शेवटच्या २०-३० अंशांत नडगीचं हाड किंचित बाहेर वळतं आणि सांधा कुलूपबंद होतो, म्हणून मांडीचे स्नायू ढिले सोडूनही आपण उभं राहू शकतो. बसायला निघालो की गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू आधी ते कुलूप काढतो. साध्या बिजागरीत वळणं नसतंच.

गोल आणि सपाट यांच्या मधली फट भरायला दोन अर्धचंद्राकृती चकत्या असतात, मेनिस्कस. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा जवळपास अर्धा भार त्या घेतात, काटकोनात वाकल्यावर सुमारे ८५ टक्के. चालायला गुडघा ६० अंश वाकला तरी भागतं, जिन्याला ९० च्या आसपास. उकिडवं बसायला १३० च्या वर जावं लागतं, आणि तिथे चकत्यांची मागची टोकं हाडांच्या मध्ये चेपली जातात. नुसतं बसून उठलात तर चाळिशीतली निरोगी चकती ते सहन करते. पण बसफुगडीत आपण पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावर सगळं वजन ठेवून झटका देतो, कधी वळतोसुद्धा. चकती फाटते ती नेमकी अशा वेळी. बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथली चीर भरू शकते. आतल्या भागाला रक्त नाही, तिथली भरत नाही.

म्हणून माझा सल्ला: फुगडी सोडू नका, तालीम मात्र उभ्या फुगडीपासून सुरू करा. आधी आठवडाभर खुर्चीवरून हात न टेकता उठबस. मग पाटावरून. बसफुगडी शेवटी, अंग गरम झाल्यावर, आणि जिचा गुडघा सुजलाय तिने गाणं म्हणावं. सूज असताना जोर करून उपयोग नसतो. सांध्यात पाणी साचलं की मज्जातंतूच मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडता हात घ्यायला लावतात. बाई म्हणते पायात बळ नाही, ते खरंच नसतं.

पाटवालीने पाट खाली काढावा. जमिनीवरून आधाराशिवाय उठता येणं ही म्हातारपणाची मोठी शिदोरी आहे.

म्हादईकाठची

आणि नेवऱ्यांचा अंगठा? माझा पण जातो. मुरड घालून घालून तळाशी, मनगटाजवळ ठणकतो.

ऊठबस

अंगठ्याच्या तळाचा सांधा खोगीर सांधा. दोन्ही हाडं खोगिरासारखी वळलेली, एकमेकांवर आडवी बसलेली. त्यामुळे अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर जातो आणि चारही बोटांना जाऊन भिडतो. याची किंमत म्हणजे सांधा सैल. चिमटीच्या टोकाला एक किलोचा जोर लावलात तर तळाशी साधारण १२ किलो पडतात, असं १९७७ मध्ये मोजलं गेलंय. एका नेवरीला किती मुरडी, आणि चवथीला किती नेवऱ्या! रजोनिवृत्तीनंतर बायकांत हा सांधा जास्त दुखतो. वाटून घ्या काम, थोड्या नेवऱ्या कातणीने कापा, मुरड देवापुढच्यांना घाला. सासूबाईंना माझं नाव सांगू नका.

अबोली_फोंडा

सांगितलं तर माझंच नाव जाईल. माटोळीचा खांदा राहिला.

ऊठबस

खांदा हा उखळीचा सांधा, नितंबाचाही उखळीचाच. पण नितंबाची उखळ खोल, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात रुतलेला. खांद्याची उखळ म्हणजे जेमतेम बशी. हात सगळीकडे फिरावा म्हणून शरीराने स्थैर्य सोडून दिलंय, म्हणूनच सगळ्यात जास्त निखळतो तोही खांदाच. गोळा बशीवर धरून ठेवण्याचं काम चार छोटे स्नायू करतात. त्यातल्या वरच्या स्नायूचा बंध खांद्याच्या हाडाच्या कमानीखालून जातो. हात डोक्यावर धरून अर्धा-अर्धा तास आंबाडे, घागऱ्यो, सुपारीचे घोस बांधत बसलात की तो बंध कमानीखाली दबत राहतो. हात पूर्ण वर नेताना १८० पैकी साधारण ६० अंश पाठीवरचं फावड्याचं हाड फिरून देतं. पाठ वाकवून, मान वर करून काम केलं की ते नीट फिरत नाही आणि सगळा ताण सांध्यावर येतो.

उपाय अगदी साधा: माटोळीची चौकट खाली घेऊन बांधा आणि मग चढवा. नाहीच जमलं तर घट्ट स्टूल घ्या, हात तोंडासमोर राहतील एवढं उंच. आणि खांदा महिनोन्महिने आखडत चाललाय, पाठीमागे हात जात नाही असं असेल तर आधी साखर तपासा. गोठलेला खांदा मधुमेहींना जास्त होतो.

रापणकार

आता जरा गंभीर विचारतो. मागे एका लग्नाचं जेवण झालं, तिसऱ्या, सुंगटां, बियर सगळं होतं. मध्यरात्री उजव्या पायाचा आंगठा असा पेटला की चादर लागली तरी ओरडत होतो. लालबुंद. आठवड्यात आपोआप गेलं. हे पण झिजेचं का?

ऊठबस

नाही, वर्णन गाउटचं वाटतं. रक्तात युरिक अॅसिड साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळून राहायला तयार नसतं, सुईसारखे स्फटिक होतात. पायाचा अंगठा शरीराच्या टोकाला, थंड, म्हणून तिथे आधी. पांढऱ्या पेशी स्फटिक गिळायला धावतात आणि तो दंगा म्हणजे तुमचा ठणका. बियर, शिंपल्या, तारले, मटणातली काळीज-कलेजी, गोड पेयं, काही रक्तदाबाच्या गोळ्या, सगळे हातभार लावतात. पण मूळ बहुतेक वेळा मूत्रपिंडात असतं: युरिक अॅसिड बाहेर टाकण्यात ती कमी पडतात, आणि ते घराण्यातून येतं. नुसतं जेवण दोषी नाही.

ऐन झटक्यात रक्ततपासणी नॉर्मल येऊ शकते, त्यावर विसंबू नका, शांत झाल्यावर परत करा. पक्कं निदान सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक बघून होतं. आणि एक सगळ्यांसाठी: एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, तर घरी थांबू नका. जंतुसंसर्ग असेल तर काही दिवसांत कूर्चा खलास होते. रात्र असली तरी गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठायचं.

फेणी आतून वंगण नाही, हे वेगळं सांगायला नको.

रापणकार

पोचलं.

सत्तरीकर

पावसात सांधे धरतात हे तरी खरं का? आमच्याकडे मृगापासून आईचं सुरू होतं.

कोडं_सुटेना

ब्रिटनमध्ये २,६५८ लोकांनी रोजचं दुखणं मोबाइलवर नोंदवलं, संशोधकांनी ते हवामानाशी ताडून बघितलं आणि निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दमट, वाऱ्याचे, कमी दाबाचे दिवस जास्त दुखरे निघाले, पण फरक माफक. आपल्याकडे दमट नसलेला दिवस शोधावा लागेल! पावसात आपण घरात बसून राहतो, चालणं बंद, हे कारण मला तेवढंच मोठं वाटतं.

सत्तरीकर

आई चालायची बंदच झालीय खरी. गुडघा बदलायला सांगितलाय, ती तयार नाही. कुणी वंगणाचं इंजेक्शन सुचवलंय. तोवर काठी देतोय. उजवा गुडघा दुखतो, काठी उजव्या हातात धरते, तरी लंगडते.

ऊठबस

इंजेक्शनात हायल्युरॉनिक अॅसिड असतं, जे त्या द्रवात मुळात असतंच. मोठ्या आढाव्यांत त्याचा फायदा इतका लहान आढळलाय की रुग्णाला जाणवेलच असं नाही. खर्चाआधी हे डॉक्टरांशी बोला. गुडघा बदलणं ही घाईची गोष्ट नाही, पण रात्री झोप येत नसेल आणि घरातल्या घरात चालणं बंद होत असेल तर उगाच लांबवूही नका. फार थांबलं की मांडीचे स्नायू इतके वाळतात की नवा सांधा बसवूनही चालायला वेळ लागतो. ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी घालून नितंबाचा सांधा बसवला, आजचे गुडघेसुद्धा धातू आणि प्लास्टिक याच जोडीवर चालतात. डिचोलीचे दादा, वाचताय ना?

काठी आजच डाव्या हातात द्या. दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. उजवा पाय आणि डाव्या हातातली काठी एकदम पुढे टाकायची. असं केलं की दुखऱ्या पायावर वजन असताना दुसऱ्या बाजूने आधार मिळतो आणि अंग कलवावं लागत नाही. उंची बघताना आईला चपला घालून ताठ उभं करा, हात सैल सोडायला सांगा, मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. खालचं रबर झिजलेलं असेल तर बदला, पावसात अंगणातल्या शेवाळावर जुनं रबर सरकतं.

सत्तरीकर

दिली डाव्या हातात. म्हणते, हा हात माझा देवाला फुलं वाहायचा नाही, म्हणून चालेल.